खांद्यामागचा जिना

दुपारी मी चहाची गाळणी घासत होते, तेव्हा लेक स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. हातातला फोन तिने अंगापासून लांब धरला होता, मेलेला उंदीर शेपटीला धरून बाहेर न्यावा तसा. म्हणाली, "आई, तू माझ्या कंप्युटरवरून कुणाला बघत असतेस?" मी नळ बंद केला. "बघते म्हणजे?" "बघतेस म्हणजे बघतेस. रोज. एखाद्या दिवशी दोनदासुद्धा. त्यांना कळतं अगं सगळं. पानावर कोण येऊन गेलं त्यांची नावं त्यांना दिसतात. आणि नाव तुझं नाही दिसत, माझं दिसतं." मग तिने फोन माझ्यापुढे केला. माझा चष्मा बाहेरच्या खोलीत होता, म्हणून तिलाच वाचावं लागलं. त्यांचा आलेला निरोप तिने एका दमात, दुकानदाराची जाहिरात वाचावी तसा वाचला: आपण रोज माझ्या पानावर येता पण बोलत नाही, इतका संकोच कशाला. मुलाखतीआधी बाहेर कुठे भेटलो तर मोकळेपणी बोलता येईल. फोटोत छान दिसता, प्रत्यक्षात आणखी छान दिसत असाल. "आणि शेवटी," ती म्हणाली, "डोळा मिचकावणारं पिवळं तोंड."

माझ्या हातांना साबण होता. मी तो धुतला, हात पुसले, आणि पुसत असताना मला हसू येऊ लागलं. ते तिला दिसू नये म्हणून मी कपाटाकडे तोंड करून बरण्या नीट लावायला लागले. तिला ते दिसलंच. सत्तेचाळीस वर्षांची आहे, पण आईच्या पाठीवरून आईचं तोंड वाचण्याची खोड लहानपणापासून आहे तिला. "हसतेस काय," ती म्हणाली. "सात महिने मी घरी बसलेय. माझ्या वयाच्या बाईला कोणी मुलाखतीला बोलवत नाही. एका ठिकाणाहून बोलावणं येण्याची शक्यता होती, आणि तिथल्या संचालकाला वाटतंय की मी त्याच्यावर लाइन मारतेय." ती गेली आणि तिच्या खोलीचं दार लागलं. आपटलं नाही. आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

ती इमारतींच्या सांगाड्याचं काम करते. खांब किती जाड, तुळई किती खोल, जुनी इमारत अजून उभी राहील का, असलं. तिची जुनी कंपनी बंद पडली तेव्हा तिने त्या साईटवर पुन्हा नव्याने नाव घातलं. कामधंद्याच्या ओळखींची साईट. पहिल्या आठवड्यात तिने मला तिथले रीतिरिवाज मोठ्या हौसेने समजावून सांगितले होते. तिथे लग्नाचे फोटो लावायचे नाहीत. अनोळखी माणसाला ओळख मागताना दोन ओळी लिहायच्या, नुसतं बटण दाबायचं नाही. कोणाला बढती मिळाली की दोन दिवसांच्या आत अभिनंदन करायचं, नंतर केलं तर आपल्याला काम हवंय असं दिसतं. आपल्याला काम हवंय हे मात्र दिसू द्यायचं नाही, सगळे तिथे त्याचसाठी आलेले असले तरी. लोक नोकरी गेली तरी 'कळवण्यास आनंद होतो' असं लिहितात. मी म्हटलं, "मग मेल्यावर काय लिहितात?" ती म्हणाली, "नव्या जबाबदारीवर रुजू." तेव्हा आम्ही दोघी पुष्कळ हसलो होतो. मग गेल्या महिन्यात एकदा तिने मला त्या माणसाचा फोटो दाखवला. "ह्यांच्याकडे अर्ज केलाय. माणूस मोठा आहे म्हणतात." राखाडी सूट, हाताची घडी, दात पांढरे. मी त्याच्याकडे एक क्षणभर पाहिलं असेल. त्याच्या डाव्या खांद्यामागून एक जिना वर जात होता, आणि तो मी काढलेला होता.

काढलेला म्हणजे काय, हे आता कोणाला सांगायला गेलं तर कठीणच आहे. आम्ही पाचजणी होतो इमारतींचे नकाशे काढायच्या त्या ड्रॉइंग ऑफिसात, उत्तरेकडच्या मोठ्या खिडक्यांपाशी, कारण तिथला उजेड दिवसभर एकसारखा असतो आणि हाताची सावली रेघेवर पडत नाही. तिरप्या पाटांवर पारदर्शक कागद ताणून बसवलेला, हातात शाईचं पेन, आणि सगळं अंग त्या पेनाच्या टोकाशी गोळा झालेलं. श्वाससुद्धा रेघ संपल्यावर सोडायचा. चुकलं तर ब्लेडने खरवडायचं, पण एकाच जागी दोनदा खरवडलं की कागद फाटतो, मग आठवडाभराचं काम पहिल्यापासून. म्हणून आमच्या खोलीत एक शिस्त होती, कोणी घालून दिलेली नव्हती, पण चीफसुद्धा, म्हणजे आमचे मुख्य आर्किटेक्ट, ती पाळत. कुणाच्याही पाठीमागे यायचं असेल तर चार पावलं आधी खोकायचं. खोकल्याशिवाय कोणी कुणाच्या पाटाशी येत नसे. आम्हांला ते शिष्टाचार वगैरे वाटत नसे. दचकलं की रेघ जाते, एवढंच. पण तीस वर्षं तसं काढल्यावर ते अंगात मुरलं. अजूनही मी बँकेत रांगेत कोणाच्या मागे उभी राहिले की घसा खाकरते आणि लोक मला आजारी समजून लांब होतात. चहाला जाताना पाटावर कापड टाकायचं. दुसरीच्या पाटावरचं कापड उचलून बघायचं नाही, कौतुकाने सुद्धा नाही. नवीन आलेल्या एका पोरीने एकदा उचललं, तर आमच्यातली सगळ्यांत उंच, जिला आम्ही लांबी म्हणायचो, ती शांतपणे म्हणाली, "बाई गं, उद्या माझी पर्सही उघडून बघ हं, रुमाल आहे आत." पोरगी पुन्हा कधी चुकली नाही.

आणि मी, त्या खोलीतून निवृत्त झालेली, लेकीच्या उघड्या कंप्युटरवरून रोज दुपारी, ती झोपलेली असताना, त्या पानावर जात होते. ती तो बातम्या वाचायला माझ्यासाठी उघडा ठेवायची. हे तिच्या पाटावरचं कापड उचलणं होतं का? मी बरण्यांसमोर उभी राहून ह्याचा प्रामाणिकपणे विचार केला. माझ्या हिशेबी मी एका रस्त्यावरच्या फलकाकडे बघत होते. त्या माणसाने स्वतःच तो फोटो चौकात टांगलेला. बघणाऱ्याचं नाव फलक टिपून ठेवतो आणि मालकाच्या कानात सांगतो, हे मला कुठून ठाऊक असणार? म्हणजे तिथेही खोकला आहेच, फक्त माणूस पाठीशी येऊन गेल्यावर ऐकू येतो, आणि तोही दुसऱ्याच्याच घशातून. माझ्या लेकीच्या.

तो जिना एका विमा कंपनीच्या इमारतीसाठी होता. खालच्या मोठ्या दालनातून वळत वर जाणारा, मध्ये कुठेही खांब नाही. चीफना तो हवेत तरंगल्यासारखा हवा होता. त्यांच्या कच्च्या रेखाटनात नुसत्या आडव्या फळ्या होत्या, एकीवर एक, मधून आरपार उजेड. मी तेव्हा सहा महिन्यांची गरोदर होते, लेक पोटात, पाटाला पोट टेकू नये म्हणून खुर्ची मागे आणि हात लांब. ते रेखाटन मी बराच वेळ बघत बसले. मग चीफ खोकले आणि माझ्या मागे येऊन उभे राहिले. "काय अडलं?" मी म्हटलं, "सर, पायऱ्यांच्या मधली उभी जागा बंद करावी लागेल." "का? उजेड अडेल." "खाली दालनात लोक रांगा लावून उभे असणार. वर कारकून बायका चढणार." त्यांना कळलं नाही. खरंच कळलं नाही, वाईट माणूस नव्हता तो. म्हणाले, "मग?" मी म्हटलं, "खालून दिसतं, सर." ते हसले. "कोण बघणार आहे हो? लोक विम्याच्या कामाला येतात." त्या क्षणी खोलीत जे झालं ते मला आत्ता, ह्या स्वयंपाकघरात, कानांनी ऐकू येतंय. चारही पेनं थांबली. शाईच्या पेनाचा आवाज तो काय, पण थांबला की कळतो. चार बायका, चार तिरपे पाट, कोणी मान वर केली नाही, आणि कोणी रेघही पुढे नेली नाही. चीफनी एकेकीकडे पाहिलं. त्यांचं हसू हळूहळू उतरलं. मग लांबी, मान खाली ठेवूनच, म्हणाली, "सर, बघणारे कामालाच आलेले असतात." ते परत जाऊन बसले. तासाभराने येऊन, खोकून, म्हणाले, "बंद करा. पण पातळ ठेवा." मी तो जिना बंद केला. प्रत्येक पायरीची उभी बाजू, एकही फट न ठेवता. उजेडासाठी बाहेरच्या बाजूने कठड्यालगत एक चीर सोडली, वरून खाली पडणारी, म्हणजे दगडावर उजेड पडेल आणि पायांवर नजर पडणार नाही. आयुष्यात मी पुष्कळ काही काढलं, शाळा, गोदामं, एक न बांधलेला विमानतळ. पण हे एक मी जिंकलं होतं.

आणि आता ती इमारत विकली गेलेली, आतून नवी केलेली, तिथे लेकीने अर्ज केलेली कंपनी, आणि नवं करणाऱ्यांना काचेची हौस असते. मला एवढंच बघायचं होतं की त्यांनी माझ्या पायऱ्या फोडून मोकळ्या तर केल्या नाहीत. फोटोत तो भाग नेमका त्या गृहस्थाच्या डाव्या खांद्यामागे होता. मी फोटो मोठा करायचे, खांदा मोठा व्हायचा. सुटाचं कापड दिसायचं, त्यातला धागा दिसायचा, पुढे काही नाही. दुसऱ्या दिवशी वाटायचं, आज जरा लहान करून बघू. असे किती दिवस गेले कोण जाणे. आणि तो समजत होता की एक बाई त्याच्यावरून नजर काढत नाहीये.

संध्याकाळी लेक बाहेर आली तेव्हा तिचे डोळे कोरडे होते आणि तिने केस घट्ट बांधले होते. "मी उत्तर लिहिलंय," ती म्हणाली. "धन्यवाद सर, चुकून पान उघडलं गेलं असेल, मुलाखतीची वाट पाहते. पुढे हात जोडलेले." मी म्हटलं, "पाठवलंस?" "अजून नाही." "हात कशाला जोडलेस?" "आई, तू मध्ये पडू नकोस." "मी मध्येच आहे. बघत मी होते." तेव्हा मी तिला जिन्याचं सांगितलं. तिला ते अर्धवट ठाऊक होतं, पोटात असताना काढलेला एक जिना आहे एवढं. खालून बघण्याचं ठाऊक नव्हतं. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, "ते ठीक आहे. पण माझ्या नावाने कशाला? मला विचारायचंस. दार उघडं होतं म्हणून आत जायचं?" मी म्हटलं, "नाही जायचं. म्हणून मला माझं नाव काढून दे तिथे." "कुठे?" "त्या साईटवर. माझं पान." ती माझ्याकडे बघत राहिली. "तू काय करणार तिथे?" "त्याला बघणार. माझ्या नावाने."

पान काढताना ती आधी रागाने बटणं दाबत होती आणि नंतर विसरली की आपण रागावलोय. साईटने विचारलं, सध्या काय करता. ती म्हणाली, "निवृत्त लिहूया." मी म्हटलं, "नकाशे काढते असं लिही." "आई, तू आता कुठे काढतेस?" "कोणी आणून दिले तर काढीन." फोटो हवा होता. तिने खिडकीपाशी उभं करून काढला, मी हसले नाही, कारण दातांची कवळी काढून ठेवली होती आणि परत बसवायचा कंटाळा केला. बिनदातांनीही माणूस ताठ दिसू शकतं हे मला तो फोटो बघून कळलं. मग तिने एका ठिकाणी बोट थांबवलं. "हे बघ, इथे लपून बघायची सोय आहे. हे दाबलं की तू कोणाच्याही पानावर जा, तुझं नाव दिसत नाही. नुसतं कोणीतरी येऊन गेलं असं दिसतं. मला हे आधी सुचायला हवं होतं." मी म्हटलं, "नको." "अगं, बरं असतं." "ज्याला लपायचंय त्याने लपावं. मी काय चोरी करतेय? दिसू दे." आणि मी तिच्या हातातून माऊस घेतला, त्या माणसाच्या पानावर गेले, आणि मुद्दाम सावकाश, चहा पिऊन होईपर्यंत तिथे थांबले.

निरोप मी एका बोटाने लिहिला. लिहिलं की गेले काही दिवस आपल्याला बघणारी मी होते, माझी लेक नाही; तिच्या कंप्युटरवरून बघत होते ही माझी चूक, ती आम्ही घरात मिटवली आहे. मी आपल्याला बघत नव्हते. आपल्या मागे जो जिना आहे तो मी काढलेला आहे आणि त्याच्या पायऱ्या अजून बंद आहेत का ते मला बघायचं होतं. आपला डावा खांदा मध्ये येतो. पुढचा फोटो काढताना तो जरा बाजूला घेतलात तर उपकार होतील. माझं वय पंचाहत्तरच्या पुढे आहे, संकोच मला राहिलेला नाही. आपण माझ्या लेकीला जे लिहिलंत ते कामाच्या जागी लिहायचं नसतं.

लेकीने माझ्या खांद्यावरून ते वाचलं. "हे पाठवलंस तर नोकरी गेली." "ती अजून आलेली नाही." "येणारही नाही." "मग गेली असं कसं म्हणायचं?"  तिच्या जुन्या कंपनीत, बाविसाव्या वर्षापासून, कोणकोण काय काय बोललं असेल, आणि तिने किती वेळा हात जोडून धन्यवाद सर लिहिलं असेल, हे मला तिच्या गप्प बसण्यातून एकेक करून मोजता आलं असतं, पण मी मोजलं नाही. ते तिचं होतं. ती म्हणाली, "मला विचारतेयस की सांगतेयस?" मी म्हटलं, "विचारतेय." असं मी तिला फार थोड्या वेळा विचारलं असेन. ती उठली, खिडकीशी गेली, खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी मागे घेत होतं आणि दुसरा कोणी त्याला ओरडून दिशा दाखवत होता. ती तिथूनच म्हणाली, "तुझं पान आहे. तुझं तू बघ." मी पाठवलं. तिने तिचं ते हात जोडलेलं उत्तर पाठवलं की नाही ते सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

त्याचं उत्तर आलं नाही. एवढं कळलं की तो माझ्या पानावर येऊन गेला, साईटने इमाने इतबारे सांगितलं. चार-सहा दिवसांनी कार्यालयाकडून लेकीला मुलाखतीची वेळ आली, कोरडी, छापील भाषेत, खाली कोणा कारकुनाचं नाव. लेक म्हणाली, "बोलावणं बहुतेक आधीच ठरलेलं असणार, रद्द करायचं म्हटलं तर त्याला कारण द्यावं लागलं असतं." मी म्हटलं, "मी येते." मला वाटलं ती नको म्हणेल. ती म्हणाली, "कवळी बसव."

दालन लहान वाटलं. तरुणपणी पाहिलेल्या जागा आक्रसतात म्हणतात, पण मी ती मापाने ओळखत होते, तरी लहान वाटली. जिना मात्र होता तसा होता. रंग बदललेला, कठडा नवा, पण पायऱ्या बंद, एकही फट नाही, आणि कडेच्या चिरेतून खाली पडलेला उजेड. मी खाली उभी राहून मान वर करून पाहिलं, अगदी निर्लज्जपणे, रांगेतल्या पुरुषाने पाहावं तसं. लेक वर चढत गेली. मला तिची फक्त वळणावर क्षणभर मान दिसली, बाकी काही दिसलं नाही. दिसू नये म्हणूनच तो काढला होता. मी तिथल्या बाकावर बसले. स्वागताच्या टेबलामागची मुलगी म्हणाली, "आजी, कुणाकडे काम आहे?" मी म्हटलं, "झालं माझं काम, बघून झालं." तिने मला पाणी आणून दिलं.

बसल्या बसल्या मला भीती वाटू लागली, उशिरा यावी तशी आली. मी पेन्शनवर जगणारी म्हातारी, मला गमवायला काय होतं. खोली तिची, दार तिचं, पुढची पंधरा-वीस वर्षं तिची, आणि मी त्यावर ऐटीत रेघ ओढून बसले होते. ही रेघ खरवडता येण्यासारखी नव्हती. तरी मी स्वतःला विचारलं, परत वेळ आली तर काय लिहिशील, आणि उत्तर तेच आलं, शब्दही तेच. तेवढ्यात तो गृहस्थ जिना उतरून आला. फोटोपेक्षा बुटका होता. कानाला फोन लावलेला, पण तो बोलत नव्हता आणि पलीकडूनही कोणी बोलत असावं असं त्याच्या तोंडावरून वाटत नव्हतं. मान लाल झाली होती. मी त्याच्याकडे सरळ बघितलं. त्याने बघितलं नाही. दारातून बाहेर गेला आणि पायरीवर उन्हात नुसता उभा राहिला.

लेक आली तेव्हा तिच्या हातात पर्स होती आणि खांदे खाली होते, शाळेतून येताना दप्तर उतरवल्यावर व्हायचे तसे. "चल," ती म्हणाली. मी विचारलं, "काय झालं?" "चौघं होते. तीन पुरुष, एक बाई. कामाचं सगळं विचारून झालं, मी चांगली उत्तरं दिली. मग ती बाई म्हणाली, तुम्हाला काही विचारायचंय का." "मग?" "मग मी फोन काढला आणि त्यांचा निरोप वाचून दाखवला. मोठ्याने. डोळा मिचकावणाऱ्या तोंडासकट."  ती म्हणाली, "म्हटलं, ह्याचं उत्तर मी द्यायचं की कार्यालय देणार आहे, तेवढं सांगा. नाव मी घेतलं नाही. त्याची गरज पडली नाही, सगळ्यांनी एकाच माणसाकडे पाहिलं." "आणि ते?" "त्यांना फोन आला."

आम्ही दारापाशी पोचलो. तो अजून पायरीवर होता, आम्ही त्याच्या बाजूने गेलो, लेकीने त्याला "येते" म्हटलं, ऑफिसातून निघताना कोणालाही म्हणावं तसं. रस्त्यावर आल्यावर मी म्हटलं, "आता नाही मिळणार ना गं?" "बहुतेक नाही," ती म्हणाली. "ती बाई मात्र माझा नंबर लिहून घेत होती. कशासाठी ते सांगितलं नाही." ती भराभरा चालत होती, माझा हात धरायचं विसरून, आणि तिचे बूट फरशीवर वाजत होते. मी म्हटलं, "जरा हळू चाल." ती मागे न बघता म्हणाली, "तू जरा जोरात चाल." मी जोरात चालले.